मेंढ्यांनी राखलेला डोंगर

आमच्या डोंगरावर झाडं म्हणाल तर चार हिवरं आणि एक वाकडी सालई, बाकी सगळं गवत. पण त्या गवताचा आमच्या घरात जो रुबाब होता तो जावयाचासुद्धा नव्हता. नेकनूरच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या कुशीत आमचं गाव. खाली काळं रान, वर डोंगर. रानातली ज्वारी माणसांची आणि डोंगरावरचं गवत जनावरांचं, अशी सरळ वाटणी. पाऊस लागला की डोंगर बंद व्हायचा. म्हणजे कुणी बैल सोडायचा नाही, शेळी न्यायची नाही, सरपणाला जाणाऱ्या बाईनं विळासुद्धा घरीच ठेवून जायचं. दिवाळी झाली की कापणी, गवताच्या गंज्या डोंगरावरच रचायच्या, आणि मग भोवतीनं पट्टा जाळायचा. सकाळच्या पडल्या वाऱ्यात, हातात लिंबाचे डहाळे आणि ओली पोती घेऊन गडीमाणसं दोन्ही बाजूंनी उभी राहायची आणि मधलं बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीचं गवत जाळून काळं करायची. उन्हाळ्यात शेजारच्या डोंगराला आग लागली तरी ती या काळ्या पट्ट्यापाशी उपाशी मरायची. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्या दिवशी इतके ओरडायचे की संध्याकाळी त्यांचा आवाज बसलेला असायचा आणि माय त्यांना गूळ-सुंठ चाटवायची.

मी ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी मृगानं बरं तोंड दाखवलं आणि मग आभाळ जे मोकळं झालं ते झालंच. तेवढ्यावर गवत गुडघ्याला लागलं, पण ज्वारी वीतभर येऊन करपली, म्हणजे घरात दाणा नाही आणि दावणीला कडबा नाही. दसरा झाला आणि गावातली हातापायानं धड असलेली सगळी माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेली. मागं राहिली म्हातारी, लेकरं, आणि आमच्यासारखी जमिनीवाली चार घरं. डोंगर कापायला माणूस मिळेना. गवत उभंच राहिलं, उभंच वाळलं, आणि आम्ही रोज लागेल तेवढं ओझं कापून आणत राहिलो. दुष्काळावर लिहिणारे लोक भेगाळलेल्या जमिनीचे फोटो छापतात. छापू देत. मला ते वर्ष आठवतं ते आवाजांनी. विहिरीत सोडलेली घागर पाण्याऐवजी खडकावर आपटायची तो ठण्ण आवाज, राखेनं भांडी घासल्याची खरखर, आणि पहाटे दावणीला बांधलेल्या जनावरांचं रिकाम्या गव्हाणीत फुरफुरणं. माय सकाळी हुलग्याचं माडगं करायची आणि दुपारी भाकरीबरोबर येसराची आमटी, ती इतकी पातळ की माझी धाकटी बहीण तीत तोंड बघून केस सारखे करायची. माय चिडायची आणि हसायचीही.

नेकनूरच्या बाजारात त्या दिवसांत जनावरांच्या रांगा लागलेल्या असायच्या. आमच्या वाटेवरूनच लोक बैल घेऊन जायचे, आणि तिन्हीसांजेला रिकामं दावं खांद्यावर टाकून परत यायचे. तो माणूस कुणाच्या नजरेला नजर देत नसे. आमचे हौश्या आणि पाखऱ्या हे बैल, चंद्री नावाची देवणी गाय, तिची कालवड, म्हैस, सगळी दावण त्या उभ्या गवतावर तगून होती. डोंगर गेला की आमच्याही हातात दावी येणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

फाल्गुनात एका दुपारी वादळ सुटलं. थेंब पडले असतील पाच-पंचवीस, पण वारा असा की गोठ्याचे पत्रे थाडथाड उडायला लागले. आबा पत्र्यांवर धोंडे ठेवायला वर चढले. मायनं खालून पाय धरून ओढलं तरी चढले. पत्रा उचलला गेला आणि त्याच्यासोबत आबाही. ते पडले ते उकिरड्याच्या कडेला, नाहीतर मी हे प्रकरण वेगळं लिहिलं असतं. आमची पाण्याची इंजिनं दुरुस्त करणारे नेकनूरचे रहीमचाचा नशिबानं गावातच होते. त्यांनी कुणाची तरी जीप मिळवली, आबांना बीडला नेलं, आणि आबा परत आले ते एका पायाला कमरेपर्यंत प्लास्टर घालून. ओसरीवर बाज टाकली. तिथून त्यांना डोंगर दिसायचा. तेच त्यांचं औषध आणि तीच त्यांची चिडचिड.

आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. भाऊ नाही. त्यामुळं डोंगर माझ्याकडं आला, कुणी दिला म्हणून नव्हे, दुसरं कुणी नव्हतं म्हणून. मी रोज वर जायची आणि रोज एकच गोष्ट डोळ्यांत खुपायची. पट्टा जाळलेला नव्हता. पश्चिमेला रंगनाथनानांचा डोंगर आमच्या डोंगराला चिकटलेला, दोन्हीकडं उभं वाळलेलं गवत, मध्ये काही म्हणता काही नाही. एके सकाळी आबांना चहा देताना मी विषय काढला.

"पट्टा जाळायला मानसं कुठं हाईत?" आबा म्हणाले. "आन् मी म्हन्तो, जाळायचा तरी कावून? गाड्याच्या गाड्या गवत जातंय त्यात. औंदा काडी जाळली तर देव इचारंल मला."

"मी जाळा म्हनतच न्हाई," मी म्हणाले. "चारा म्हन्ते. ठकूमावशीच्या मेंढ्या बसवू डोंगराच्या भोवतीनं. त्या पट्टा खातील, साफ करतील. जाळल्यासारखाच व्हईल, आन् गवत कुनाच्या तरी पोटात तर जाईल."

चहा आबांच्या छातीवर सांडला. "मेंढ्या? कुरनात? पोरी, शुद्धीवर हाईस का?"

आता हे समजून घ्यायला हवं. काळ्या रानात मेंढ्या बसवायला आमच्याकडं सगळे एका पायावर तयार. धनगराचा कळप रात्रभर शेतात बसला की लेंड्यांचं खत मिळतं, बदल्यात धनगराला दाणे द्यायचे, हा जुना रिवाज. पण राखलेल्या गवतात मेंढी म्हणजे आमच्या लोकांना देव्हाऱ्यात चप्पल. मेंढी मुळासकट खाते, तिच्या तोंडाचं गवत पुन्हा फुटत नाही, तिनं हुंगलेल्या जागी गाय तोंड घालत नाही, अशी सगळ्यांची खात्री. आबांनीही हे सगळं मला प्लास्टरवर हात आपटत ऐकवलं.

"मुळासकट खाते ना?" मी म्हणाले. "मंग बेसच की! पट्ट्यात मुळं ठिवायचीत कशाला आपल्याला?"

चुलीपाशी माय खुदकन हसली आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. मी तेव्हाही तोंडाळ होते, आजही आहे. माझी सून म्हणते, आत्याबाई, तुम्ही वाद घालत नाही, कुस्ती खेळता. तर त्या दिवशी आबा भिंतीकडं तोंड करून निजले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पाझराकडचं कोपरं सोडून. तिथला मारवेल मी कुन्या मेंढीच्या तोंडात जाऊ देनार न्हाई." त्या कोपऱ्यात जमीन ओलसर, तिथलं मारवेल गवत कमरेएवढं उंच आणि दाट. आबांचा जीव होता त्याच्यावर. मी म्हटलं, बरं. तेवढं मिळालं तेच खूप होतं.

ठकूमावशी धनगराची. तिचा मालक मोठा कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला गेला होता आणि ही उरलेल्या मेंढ्या घेऊन आमच्या शिवारात अडकली होती, कारण तिच्या बऱ्याच मेंढ्या व्यायला झालेल्या. काळी, उंच, तोंडात तंबाखू, आणि बोलायला लागली की समोरच्यानं मागं सरकावं. मी निरोप घेऊन गेले तेव्हा तिनं मला बसूही दिलं नाही.

"तुज्या आबानं गोफनीनं हानलंय मपल्या मेंढ्यायला, म्हाईत हाय का? आन् आता आवतन?"

"आबाचा पाय मोडलाय मावशी. गोफन माज्याकडं हाय आता. मी हानीत न्हाई."

ती असली हसली की मेंढ्या दचकल्या. दाणे किती देणार असं तिनं विचारलंच नाही. आमच्या घरात काय शिजतं ते तिला ठाऊक होतं. "लेकरांची पोटं भरू दे बया," म्हणाली. लेकरं म्हणजे मेंढ्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघींनी वाघूर लावायला सुरुवात केली. वाघूर म्हणजे धनगरांचं सुताचं जाळं, खुंट्यांवर ताणलं की कळपाला कुंपण होतं. पट्ट्याच्या रुंदीएवढं कुंपण करायचं, मेंढ्या आत सोडायच्या, त्यांनी जमीन दिसेपर्यंत खाल्लं की खुंट्या उपटून पुढं. कामाला कंटाळा म्हणाल तर भरपूर, पण पाठीमागं वळून बघितलं की डोंगराच्या कडेनं एक भुंडी, भुरकी वाट पडत चाललेली दिसायची आणि माझ्या छातीत काहीतरी फुगायचं. रंगनाथनाना बांधावर उभे राहून आमच्या ओसरीकडं हाक द्यायचे, "दगडू, बे, पोरीनं तुज्या डोंगराची हजामत केली की!" नाना वाईट माणूस नव्हते, पण दुसऱ्याच्या फजितीवर त्यांचा दिवस चांगला जायचा.

पाडवा होऊन गेला होता. त्या दिवशी सकाळी झाडाचं पान हलत नव्हतं, अंगाला नुसती चिकचिक. अशा सकाळी आमच्याकडचे लोक एक चूक हमखास करतात, आजही करतात. वारा पडलाय असं बघून बांध पेटवतात. नांगरटीआधी बांधावरचं काटेरी गवत जाळून टाकायचं म्हणून. चैत्रात सकाळचा वारा काय आणि दुपारचा वारा काय, याचा भरवसा देता येत नाही. आज सूनबाई मोबाइलवर वादळाचा इशारा दाखवते, तरी गावातला कुणीतरी शहाणा काडी ओढतोच. त्या दिवशी ती काडी नानांनी ओढली.

दुपारी मी दोघी बहिणींना घेऊन डोंगरावर गवत कापत होते. पश्चिमेला ढगांची उतरंड चढली आणि एकदम वारा सुटला, धुळीचा लोट घेऊनच. ठकूमावशी सालईखाली बसली होती ती ताडकन उठली आणि नाक वर करून म्हणाली, "धूर!" मी वळून बघितलं तर नानांच्या बांधावरून जाळ त्यांच्या डोंगरावर चढलेला. गवत जळण्याचा आवाज लांबून फुटाणे भाजल्यासारखा येतो, हे तेव्हा कळलं. नानांचा डोंगर वीस-पंचवीस वर्षं राखलेला, तो माझ्या डोळ्यांदेखत पेटत आमच्याकडं येत होता. धाकटीला मी गावाकडं पिटाळलं. मधलीला म्हटलं, हिवराचे डहाळे तोड.

माय आली ती गावातल्या बायका घेऊनच. पुरुष होतेच कुठं? प्रत्येकीच्या हातात ओलं पोतं. नंतर कळलं की पोती भिजवायला मायनं घरातला पिण्याच्या पाण्याचा रांजण आडवा केला होता. त्या वर्षी रांजण आडवा करणं म्हणजे काय ते मी शब्दांत सांगू शकत नाही. आम्ही पट्ट्याच्या आतल्या बाजूनं रांगेत उभ्या राहिलो. जाळ आला, पुरुषभर उंच, तोंडाचं कातडं ओढलं जाईल इतका गरम. पट्ट्याच्या काठाशी आला, आणि तिथं खाली बसला. खरंच बसला! खायला काडी नव्हती. मेंढ्यांनी जमीन चाटूनपुसून ठेवली होती. वाळल्या लेंड्या जागोजागी धुमसत राहिल्या, ठिणग्या उडून आत पडत होत्या, त्या आम्ही धावून धावून पोत्यांनी बडवत होतो. ठकूमावशी आगीला अशा शिव्या देत होती की गावातल्या म्हाताऱ्यांनीही कधी ऐकल्या नसतील. "ये की! ये, खा! कावून थांबलीस? मपल्या लेकरायचं उष्टं खाती व्हय!" आणि आम्ही सगळ्याजणी, डोळ्यांतून पाणी गळत असताना, हसत सुटलो.

हसू तिथंच गोठलं. जाळ पट्ट्याच्या कडेकडेनं सरकत पाझराकडं निघाला होता. त्या कोपऱ्यात पट्टा नव्हता, कमरेएवढा वाळका मारवेल होता. एकदा तिथं शिरला की मागचा सगळा डोंगर त्याचाच.

तेवढ्यात खालच्या गाडीवाटेनं फटफटीचा आवाज आला. कुणाच्या तरी इंजिनाच्या कामाला गावात आलेले रहीमचाचा आणि मागं आबा, प्लास्टरचा पाय बंदुकीसारखा पुढं काढलेला, दोन्ही हातांनी चाचांना मिठी मारलेली. चाचा ओरडत होते, "आबासाब, हिलू नका, हिलू नका! गिरे तो दोनो का पाय मोडतंय!" फटफटी पाझराच्या पायवाटेपाशी थांबली. ही पायवाट कोपरा आणि मोठा डोंगर यांच्या मधून जायची. मी धावत गेले.

"आबा, कोपरं आपनच पेटवावं लागंल. ह्या पायवाटेपासून. जाळ इथवर यायच्या आत त्याला खायला काय ठिवायचंच न्हाई."

आबांनी मारवेलाकडं बघितलं. मग येणाऱ्या जाळाकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडणार. पण ते चाचांना म्हणाले, "मला खाली बसवा." चाचांनी त्यांना काखेत धरून पायवाटेवर बसवलं. आबांनी सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढली. "मपल्या हातानं राखलं, मपल्याच हातानं जाऊ दे," म्हणाले आणि पहिली काडी त्यांनी ओढली. गवताच्या बुडाला लावली. मग पेटी माझ्या हातात दिली. "जा. पाझरापत्तुर वढीत जा."

मी वाकून पायवाटेच्या कडेनं पेटवत पळत सुटले. मागून माय, बायका, ठकूमावशी, चाचासुद्धा, पायवाटेच्या आतल्या बाजूला पडणारी प्रत्येक ठिणगी मारत येत होते. वारा आमच्या तोंडावर होता, म्हणून आमचा जाळ नाइलाजानं, अडखळत पुढं सरकत होता. धुरानं काही दिसेना. आबा जमिनीवर बसल्या बसल्या हाताला लागेल तिथं डहाळी आपटत होते आणि आवाज फुटेपर्यंत ओरडत होते, "डावीकडं! अगं डावीकडं!" मग मोठा जाळ जवळ आला आणि काय झालं कुणास ठाऊक, आमच्या जाळानं एकदम पाठ फिरवली आणि तो त्याच्याकडंच धावला. दोन्ही एकमेकांत घुसले, हिवरापेक्षा उंच उठले, आणि संपले. मारवेल गेला होता. पायवाटेच्या अलीकडं आमचा डोंगर, पिवळाधमक, उभाच्या उभा.

मग माय ओरडली. माझी माय, जी मोठ्यानं कधी हाकसुद्धा मारायची नाही, ती पोतं हवेत फिरवत ओरडली, आणि मग सगळ्याच. मी आबांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. मला आनंद झाला होता, इतका आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही, आणि हे माझ्या मालकांना मी त्यांच्या हयातीतच सांगून टाकलेलं आहे. तेव्हा कुठं आभाळातून गारा पडल्या, मूठ-दोन मूठ. आग विझवायला आभाळ उशिरा आलं होतं, काम आमचं उरकलं होतं. मायनं तरी त्या गारा पदरात वेचल्या, रिकाम्या रांजणात टाकायला.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर सगळ्यांना पिठलं-भाकरी झाली. पीठ कुणी कुणी आपापल्या घरून आणलं. ठकूमावशी आबांच्या बाजेशेजारी बसून जेवली. आबांनी मायला सांगितलं, "अजून घाल तिला, आज तिचंच जेवन हाय," आणि ती म्हणाली, "मपलं न्हाई, मेंढ्यायचं." सगळ्यांची तोंडं काळी, दात तेवढे पांढरे. रहीमचाचांच्या मिशा एका बाजूनं जळल्या होत्या, ते म्हणत होते, घरी बेगम ओळखणार नाही.

दुसऱ्या दिवशी नाना आले. ओसरीच्या खाली उभे राहिले, वर येईनात. त्यांचा डोंगर काळा ठिक्कर पडला होता आणि दावणीला आमच्याहून जास्त जनावरं. त्यांना काय हवंय ते सांगायची गरज नव्हती, आणि त्यांना ते बोलता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "दगडू, जनावरं बाजाराला न्यावी म्हन्तो." आबा म्हणाले, "मला कावून सांगतो बे? डोंगर इमलचा हाय. तिला इचार." मी दारात उभी होते. मला त्यांना चार गोष्टी सुनवायच्या होत्या, तयार होत्या जिभेवर. पण माझ्या बापाच्या वयाचा माणूस मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या अंगणात मुकी जनावरं होती. मी म्हणाले, "नाना, दक्खनच्या उतारावरचं कापून न्या. पाऊस लागेपत्तुर न्या. पर औंदा पाऊस झाला की तुमच्या डोंगराच्या भोवतीनंबी मेंढ्या बसवायच्या. आन् ठकूमावशीला सांगायला तुमी सोता जायचं."

नाना गेले. फेटा बांधून गेले. ठकूमावशीनं ऐकून घेतलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाली, "बघू. आदी गवत तर येऊ द्या तुमच्या डोंगरावर." हे ती पुढं कितीतरी वर्षं सांगायची, नानांच्या समोर, आणि नानाही हसायचे.

त्या वर्षी आमच्या दोन्ही घरांतलं एकही जनावर बाजाराला गेलं नाही. ऊसतोडीहून माणसं परत आली, काळ्या डोंगराच्या शेजारी पिवळा डोंगर बघून थबकली, आणि गोष्ट गावभर झाली. पुढं मृग चांगला लागला, आणि नानांच्या काळ्या पडलेल्या डोंगरावर आधी पालवलं ते आमच्या पट्ट्याला लागून, जिथं पावसानं लेंड्या वाहून आल्या होत्या तिथं. मागोमाग पट्टाही हिरवा झाला, आणि मेंढीच्या तोंडाचं गवत फुटत नाही म्हणणारे लोक तिथं वाकून वाकून बघून आले.

दिवाळीच्या आधी डोंगरवाल्या घरांची पारावर बैठक बसली. यंदा पट्टे कसे करायचे, मेंढ्या कुठून आणायच्या, आधी कुणाच्या डोंगरावर बसवायच्या. आबा काठी टेकत गेले होते. मी पाराच्या बाजूनं शेणाची पाटी घेऊन चालले होते. आमच्या गावात बाईमाणूस पारावर चढत नसे. तसा काही नियम लिहिलेला नव्हता, पण कुणी चढलेली मी पाहिली नव्हती. वर सगळे एकदम बोलत होते आणि कुणाचं कुणाला कळत नव्हतं. आबांनी काठी आपटली.

"गप बसा बे सगळे. इमल, वर ये. ह्यायला नीट सांग."

नाना सरकले आणि त्यांनी शेजारी जागा केली. मी पाटी खाली ठेवली, परकराला हात पुसले आणि पाराच्या पायऱ्या चढले.